व्याजाची कवळी

कुबात रशियाहून कायमचा परत आला त्या दिवशी त्याची आई फाटकातच उभी होती आणि तोंडभर हसत होती. बूबूकान तिचं नाव, पण घरातच काय, सगळ्या गल्लीत तिला आपाच म्हणत. गेली कित्येक वर्षं हसू आलं की आपा डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर धरायची, कारण आत दाखवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. फोनच्या पडद्यावरसुद्धा ती कपाळापासून नाकापर्यंतच दिसायची. आज मात्र रुमाल जागच्या जागी होता आणि तोंडात दोन्ही रांगा पांढऱ्याशुभ्र.

“आपा, हे काय!” कुबातनं पिशव्या खाली टाकल्या.

“कवळी. ओश शहरातल्या डॉक्टरची. तू रशियात मांस-मटण खाऊन पोट वाढवायचंस आणि मी इथं पाव चहात बुडवून चोखत बसायचं होय?”

मागे त्याची बायको सायकाल पावाचं ताट घेऊन उभी होती. तिनं एकदा सासूच्या दातांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मान खाली घातली. लाजली असेल, असं कुबातला वाटलं. दर पानगळीत ती जवळच्या नौकातच्या बागांमधून सफरचंदं तोडायला जायची, त्या मजुरीतून तिनं सासूला दात बसवले असणार. त्याला बायकोचं फार कौतुक वाटलं. संध्याकाळी पुलाव खायला शेजारी जमले तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणालासुद्धा, “मी पाठवले ते पैसे वेगळे. दात मात्र हिचे.”

“हिचे नाहीत, माझे आहेत,” आपा म्हणाली आणि सगळे हसले. सायकाल किटली भरायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही.

नऊ वर्षं कुबात रशियात, येकातेरिनबुर्गमध्ये गिलावा करत होता. मधे दोनदाच घरी येऊन गेला. शेवटी उजवा खांदा असा धरला की हात कानाच्या वर जाईना. छताला गिलावा करणारा माणूस हात वर करू शकत नसेल तर मुकादम त्याला कशाला ठेवेल? शिल्लक पडलेल्या पैशांत थोडी भर घालून एक जुना कोरियन टेंपो घ्यायचा, नौकातचे बटाटे आणि सफरचंदं ओशच्या बाजारात नेऊन विकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

भर कुठून घालायची तेही ठरलेलं होतं: बँकेकडून, पण व्याजाशिवाय. तिकडे एका फ्लॅटमध्ये ते आठ जण राहायचे, सगळे आपल्याच मुलखातले, आणि पैसे कुठे ठेवावेत यावर आठ जणांची आठ मतं. एकजण म्हणायचा, वासरं घ्या, वासरू पळून गेलं तरी शोधता येतं. दुसरा भिशीशिवाय कशाचं नाव काढायचा नाही. एर्मेक नावाचा एक खोडसाळ गडी होता, तो पायमोजे वाळत घालता घालता म्हणायचा, “अरे, बँक ती बँक. एकीनं टाय लावलाय, दुसरीनं नमाजाची टोपी घातलीय. हात दोघींचाही तुमच्याच खिशात.”

कुबातला ते पटायचं नाही. त्याच्या लहानपणी शेजारच्यांनी कर्ज काढलं होतं. हप्ता थकला तेव्हा वसुलीची दोन माणसं येऊन त्यांच्या अंगणात बसली. भांडली नाहीत, ओरडली नाहीत, नुसती बसून राहिली. गाय विकली जाईपर्यंत बसून राहिली. शेजारीण आतून चहा पाठवत होती आणि रडत होती. व्याज म्हटलं की कुबातच्या डोळ्यांसमोर ते चहाचे पेले यायचे. पुढे येकातेरिनबुर्गच्या नमाजखान्यात कोणीतरी सांगितलं, की आपल्याकडे ओशला इस्लामी बँक निघालीय, ती व्याज घेत नाही आणि देत नाही, माणसाबरोबर नफ्यातही बसते आणि तोट्यातही बसते. कुबातला ते शब्द इतके आवडले की त्यानं त्याच रात्री फोन लावला.

“आजपासून सगळे पैसे तिथंच टाकायचे,” तो म्हणाला होता. “माझ्या नावानं खातं उघड. मुखत्यारपत्र करून दिलंय ना तुला, ते घेऊन जा.”

“बरं,” सायकाल म्हणाली होती.

त्या ‘बरं’वर त्यानं तीन वर्षं काढली. मुकादमानं मजुरी बुडवली, पोलिसांनी कागद दाखव म्हणून भिंतीला उभं केलं, थंडीत सिमेंट हाताला चिकटून कातडी सोलली, की तो मनाशी म्हणायचा, बाकी सगळं असं असलं तरी पैसा स्वच्छ आहे. त्याच्याजवळ अभिमान धरण्यासारखं तेवढंच होतं.

आल्यावर आठवडाभरात तो ओशला निघाला. स्वच्छ सदरा घातला, वर काल्पाक, उंच लोकरी टोपी, चढवली. सायकाल अंगणात बटाटे निवडत होती, ती हात पुसत उठली.

“मी पण येते. जायच्या आधी जरा बोलायचं होतं.”

“आल्यावर बोलू की. मिनीबस सुटेल.”

“कुबात, ऐका तरी.”

“तू बटाटे उरक,” तो हसत म्हणाला आणि गेला.

बँकेत त्याला फार बरं वाटलं. भिंतीवर सुंदर अक्षरात आयत लिहिलेली होती, आत शिरताच कोणीतरी सलाम केला. इलियास नावाचा तरुण अधिकारी होता, छोटी दाढी, इस्त्रीचा सदरा. त्यानं चहा मागवला, खांद्याची चौकशी केली, टेंपोची योजना ऐकून घेतली. मग कुबातचा पासपोर्ट घेऊन संगणकावर काहीतरी टिपलं. पुन्हा टिपलं. पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

“बाइके,” थोरल्या भावाला म्हणावं तसं तो अदबीनं म्हणाला, “तुमचं खातं आमच्याकडे नाहीये.”

“असं कसं? तीन वर्षं झाली.”

“दुसऱ्या शाखेतही पाहिलं. या नावानं काहीच दिसत नाही.”

कुबातच्या हातातला चहा तसाच राहिला. “नीट बघ रे, भावा,” तो म्हणाला. इलियासनं नीट पाहिलं. नव्हतं.

बाहेर पडल्यावर तो बाजारातून नुसताच चालत राहिला. घरी फोन करावा असं वाटत होतं आणि हात खिशात जात नव्हता. फ्लॅटमध्ये सांगितल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी त्याला एकदम आठवल्या: कोणाच्या बायकोनं भावाला घर बांधून दिलं, कोणाची बायको पैसे घेऊन बिश्केकला गेली ती गेलीच. तेव्हा तो त्यांना म्हणायचा, तुम्ही बायका नीट निवडल्या नाहीत. आता काल्पाक काखेत धरून तो मसाल्याच्या दुकानासमोर उभा होता आणि दुकानदार विचारत होता, “काय देऊ, बाइके?”

दुपारच्या गाडीनं तो परतला. सायकाल अजून बटाट्यांजवळच होती. मोठे एका ढिगात, बारके दुसऱ्यात.

“पैसे कुठायत?”

ती उठली. “गेलात ना शेवटी एकटेच.”

“सायकाल, पैसे कुठायत?”

“आहेत. सगळेच्या सगळे आहेत. इथं नौकातला, बाजारासमोरच्या बँकेत. माझ्या नावावर आहेत, उद्या चला, हातात ठेवते.”

कुबातचा जीव भांड्यात पडला. तो बटाट्याच्या पोत्यावरच बसला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“बाजारासमोरची? ती व्याजाची बँक ना?”

“हो.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतंत.”

“आणि तू बरं म्हणालीस.”

“म्हणाले.”

“मग व्याज किती साठलंय आता?”

“साठलं नाही,” सायकाल म्हणाली. “उचललं.”

“कशासाठी?”

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात आपा उभी होती, हातात लालभडक सफरचंद. आवाज ऐकून बाहेर आली होती आणि खाणं न थांबवता ऐकत होती. कर्रकन तुकडा तोडण्याचा आवाज अंगणभर झाला.

कुबातनं सफरचंदाकडे पाहिलं, मग दातांकडे. त्याचा चेहरा असा झाला की आपा चावायची थांबली.

“काय बघतोस? काढून देऊ?”

“आपा, तुम्हाला माहीत होतं?”

“मी बरोबर गेले होते डॉक्टरकडे, माझ्या तोंडाला माहीत नसेल?”

“व्याज आहे ते. हराम आहे. त्या दातांनी तुम्ही रोज बिस्मिल्ला म्हणता!”

“आधी म्हणत होते तेव्हा तोंडातून ‘बिफमिल्ला’ निघायचं,” आपा म्हणाली. “आणि मी व्याज खात नाही रे पोरा. व्याजानं खाते.”

कोणी हसलं नाही. आपाही नाही. तिनं सफरचंद रुमालात गुंडाळलं आणि आत निघून गेली.

सायकाल मात्र तिथंच उभी राहिली. “आता माझं ऐकणार का? सकाळी ऐकायचं होतं ते?”

तिनं सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज शांत होता. मनात खूपदा म्हणून झालेलं असावं.

“पहिल्याच महिन्यात गेले होते मी ओशला. आपल्या पोरीला ताप होता, मीरिम कडेवर. दोन गाड्या बदलल्या. तिथला माणूस चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, वर्षाला किती मिळतील? म्हणाला, आधी सांगता येत नाही, नफा झाला तर त्यातला वाटा. मी विचारलं, आणि तोटा झाला तर? म्हणाला, नियमानं त्यातही वाटा.”

“तेच तर बरोबर आहे! तोच तर न्याय आहे!”

“तुम्हाला नमाजखान्यात बसून न्याय वाटला. मी तिथं तुमचे पैसे हातात घेऊन उभी होते. त्याच आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणाला होतात, खांदा वर होत नाही, डाव्या हातानं गिलावा मारतोय. तो खांदा मी कोणाच्या तोट्यात घालू? मला जमलं नाही. परत आले. इथल्या बँकेत चिनारा बसते, माझ्या वर्गातली. ती म्हणाली, इतके टाकशील, इतके परत येतील, कागदावर लिहून देते. मी टाकले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

“काढ म्हणालो असतो.”

“म्हणून,” सायकाल म्हणाली आणि पुन्हा बटाट्यांशी बसली.

तीन दिवस कुबात घरात पाहुण्यासारखा वावरला. आपा जेवायला बसली की तो उठायचा. आपानं एक दिवस कवळी पेल्यात काढून ठेवली आणि मुद्दाम त्याच्यासमोर रश्श्यात पाव कुस्करून चोखत बसली. ते बघून तर तो आणखीच हैराण झाला. चिडावं कोणावर हेच कळेना. पैसे बुडाले असते तर त्यानं आरडाओरडा केला असता, लोकांनी त्याची बाजू घेतली असती. पण पैसे शाबूत होते, म्हातारीला दात आले होते, आणि तीन वर्षं त्यानं जपलेली एकच गोष्ट गेली होती. हे सांगायचं कसं आणि कोणाला?

चौथ्या दिवशी तो साबिर मोल्दोकडे गेला. गावच्या मशिदीचा इमाम, साठीचा माणूस, मधमाश्या पाळायचा. तो पेट्या हिवाळ्यासाठी बांधत होता. त्यानं दोरी ओढता ओढता सगळं ऐकून घेतलं.

“दात छान बसलेत तिचे,” मोल्दो म्हणाला. “परवा भेटली होती.”

“मोल्दोके, मी दातांचं नाही विचारत.”

“दातांचंच विचारतोयस. दात राहू देत. म्हातारीच्या तोंडातून काढून कोणाचं भलं होणार नाही. व्याजाचा पैसा तुझा नव्हताच, असं धर. तेवढीच रक्कम सगळ्यांच्या उपयोगाच्या कामात घाल. रस्ता, गटार, संडास, असल्या कामात. मशिदीत आणू नकोस. आणि पुण्य मिळेल अशी आशा धरू नकोस, कारण तू दान देत नाहीयेस, हात धुतोयस.”

“एवढे पैसे बाजूला काढले तर टेंपो राहून जातो.”

“मग अंगमेहनत घाल. हात आहेत ना? एक तर आहेच.” मोल्दोनं गाठ मारली आणि जरा थांबून म्हणाला, “आणि बायकोवर फार गुरगुरू नकोस. माझं पेन्शनही त्याच बँकेत येतं.”

गावच्या शाळेचा संडास अंगणाच्या टोकाला होता. भिंतींचा गिलावा पडलेला, कौलं सरकलेली, मुली पावसाळी दिवसात तिकडे जायचंच टाळायच्या. कुबातनं मुख्याध्यापिकेला सांगितलं, मी दुरुस्त करतो, पैसे नकोत. बाईंना आधी खरंच वाटेना. मग त्या आनंदानं म्हणाल्या, “अल्ला तुमचं भलं करो!”

“तसं म्हणू नका,” कुबात घाईनं म्हणाला.

“का बरं?”

“नको. नुसतं बरं म्हणा.”

दव पडून गोठायला लागायच्या आत काम उरकायला हवं होतं. पहिल्या दिवशी तो एकटाच गेला. जुना गिलावा तासून काढला, पण नवा मारायला हात वर जाईना. कमरेएवढी भिंत झाली आणि वर सगळी उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकाल जुना पायजमा चढवून, डोक्याला फडकं बांधून हजर झाली. तिनं वाळू चाळायला घेतली.

“तुला कोणी बोलावलं?”

“व्याज कोणी उचललं होतं? मीच ना?”

मग खालची भिंत तो करायचा आणि वरची ती. तिला थापी धरायची कशी हे शिकवताना तो आपोआप बोलता झाला. जाणारे-येणारे थांबायचे. “काय रे कुबात, नऊ वर्षं रशियात राहून शेवटी संडासावरच आलास?” असं एक शेजारी ओरडला. एक म्हातारा मात्र काठी टेकत आत येऊन, दोन्ही हात पसरून मनापासून दुवा द्यायला लागला, तेव्हा कुबात थापी टाकून धावत गेला. “नको, अबा, दुवा नको! हे तसलं काम नाही!” म्हातारा बिचारा हात तसेच अधांतरी धरून उभा. सायकाल भिंतीकडे तोंड करून इतकी हसली की तिच्या हातातला माल गळून पडला. कुबातला आधी राग आला, मग त्याच्याही ओठांचा कोपरा हलला.

दुपारी दोघं पायरीवर बसून पाव आणि कांदा खात होते तेव्हा तो म्हणाला, “तुला ठाऊक आहे, तिथं मला काय वाटायचं? बाकी सगळं घाण आहे. बिछाना घाण, काम घाण, लोकांचं बोलणं घाण. फक्त हे पैसे नाहीत.”

सायकालनं पाव खाली ठेवला. “हे मला फोनवर कधी सांगितलं नाहीत.”

“काय सांगणार?”

“मला वाटलं, नमाजखान्यातल्या कोणाचं तरी ऐकून हुकूम सोडताय. हे असं आहे म्हणून सांगितलं असतंत तर गेले असते मी. पुन्हा गेले असते ओशला.”

त्या संध्याकाळी आपा जेवायला बसली तेव्हा तो उठला नाही.

काम संपल्यावर दोघं मिळून टेंपोची भर मागायला ओशच्या इस्लामी बँकेत गेले. इलियासनं पुन्हा चहा मागवला, आणि या खेपेला कागद मागितले. रशियातल्या कमाईचा दाखला, करार, काहीही.

“करार कुठला? मुकादम हातात पैसे द्यायचा,” कुबात म्हणाला. “द्यायचा तेव्हा.”

“मग अडचण आहे, बाइके. हप्ते फेडाल कशावरून?”

“मी शब्द देतो. मी मुसलमान आहे, पाच वेळा नमाज पढतो. तुमची बँक तशा माणसांसाठीच आहे ना?”

इलियास अवघडला. “इथं येणारा प्रत्येक जण शब्द देतो,” तो हळूच म्हणाला. “मलाही वर जाब द्यावा लागतो.”

कुबातला तोंडात मारल्यासारखं झालं. नमाजखान्यात हे कोणी सांगितलं नव्हतं. तो उठायच्या बेतात होता तेवढ्यात सायकालनं पिशवीतून बाजारासमोरच्या बँकेचा उतारा काढून टेबलावर सरकवला. तीन वर्षं दर महिन्याला न चुकता भरलेले पैसे. इलियासनं शिक्का पाहिला, पानं उलटली आणि त्याचा चेहरा खुलला.

“हे चालेल. हे तर उत्तमच आहे.”

“तुम्हाला व्याजाच्या बँकेचा कागद चालतो?” कुबातनं विचारलं.

“कागदाला कुठं व्याज लागतं, बाइके?”

मग त्यानं व्यवहार समजावून सांगितला. टेंपो आधी बँक स्वतः विकत घेणार, आणि थोडी जास्त किंमत लावून तुम्हाला हप्त्यांवर विकणार. ती जास्तीची किंमत ऐकून कुबातनं बायकोकडे पाहिलं. तिच्या मनात जे होतं तेच त्याच्याही मनात होतं. फक्त ते म्हणायची हिंमत तिलाच होती.

“मग हे व्याजच की, भावा. टोपी घातलेलं.”

इलियास चिडला नाही. हा प्रश्न त्याला रोजचाच असावा. “एजे,” तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, “किंमत आज ठरली की ठरली. तुम्हाला उशीर झाला तरी ती एक सोमानंही वाढत नाही. टेंपो तुमच्या ताब्यात येईपर्यंत त्याचं काही झालं तर नुकसान आमचं. उशीर झाला तर दंड आहे, पण तो आम्ही ठेवत नाही, समाजाच्या कामाला जातो.”

“म्हणजे आमच्या दंडातून कुठल्या तरी शाळेचा संडास होणार?” सायकालनं विचारलं.

कुबातला हसू फुटलं. इलियासला काही कळलं नाही, पण तोही सभ्यपणे हसला.

बाहेर येऊन दोघं पॉपलरच्या झाडाखाली उभी राहिली. “चिनाराकडे विचारून आलेय मी,” सायकाल म्हणाली. “तिच्या बँकेचं कर्ज यांच्यापेक्षा थोडं स्वस्त पडतं. झोप मात्र तुम्हाला इथं लागेल. त्या झोपेसाठी किती जास्त मोजायचे ते तुम्ही ठरवा.”

“आणि तुला कुठं लागेल?”

“मला कुठंही लागते. मी दमलेली असते.”

त्यानं बराच विचार केला. टोपीवाली बँक त्याला वाटली होती तशी नव्हती. ती त्याच्या शब्दावर विसंबली नव्हती, आणि तोट्यातही बसणार नव्हती, निदान टेंपो हातात आल्यावर तरी नाही. पण शेजाऱ्यांच्या अंगणातली ती दोन माणसं अजूनही त्याच्या डोळ्यांसमोरून उठत नव्हती. “इथंच घेऊ,” तो म्हणाला. “आणि बाकीचे पैसे राहू देत तुझ्या चिनाराकडे. फक्त तिला सांग, व्याज नको.”

सायकालनं ते जाऊन सांगितलं तेव्हा चिनारानं तिला तीनदा विचारलं, की बाई, नक्की ना? नुसतं ठेवायचं, काही मिळणार नाही, असं खातं इथं कोणी स्वतःहून मागत नाही.

टेंपो दोघांच्या नावावर आला. गाड्यांच्या आवारात इलियास आधी विक्रेत्याशी सही करून आला, मग चावी हातात धरून म्हणाला, “बँकेनं हा टेंपो तुम्हाला विकला.” कुबातनं म्हणायचं होतं, “आम्ही घेतला.” त्यानं ते आवारभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

त्या हिवाळ्यात धंदा बरा चालला. वसंतात बटाट्याचे भाव इतके कोसळले की दोन हप्ते थकले. इलियासचे फोन यायला लागले, आधी गोड, मग कमी गोड. घरी मात्र कोणी आलं नाही. दंड भरावा लागला, एक मेंढा विकावा लागला, आणि उन्हाळ्यात चेरीनं सगळं भरून काढलं. एकदा फोनवर एर्मेकनं विचारलं, की मग, टोपी आणि टाय यांत फरक आहे की नाही? कुबात म्हणाला, “थोडा आहे. तू समजतोस त्यापेक्षा जास्त, आणि मी समजत होतो त्यापेक्षा कमी.” एर्मेक म्हणाला, हे उत्तर म्हणजे नुसती चहावर बोळवण झाली.

कोबीच्या दिवसांत सायकाल त्याच्याबरोबर ओशला जायला लागली. भाव करायला ती बरी. कुबातला नाही म्हणायला जमत नसे. पहाटे टेंपो भरायचा, ताडपत्री बांधायची, आणि उजाडायच्या आत घाट उतरायचा. त्या दिवशी रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला, उन्हाळी कुरणांवरून खाली येणारा. कुबातनं इंजिन बंद केलं. मेंढ्या दोन्ही बाजूंनी टेंपोला घासत जात होत्या, गाडी हलकी हलकी डुलत होती. घोड्यावरच्या मेंढपाळानं खिडकीत वाकून विचारलं, “कोबी कसा दिला?”

कुबात भाव सांगणार, तेवढ्यात सायकाल पुढे झुकली आणि तिनं त्याच्या मनातल्यापेक्षा थोडा जास्त सांगितला.